गोळी कुठे थांबते?

मांडवा जेटीवर उतरणाऱ्याच्या डोक्यात शिकार नसते. त्याला अलिबागची बस गाठायची असते, नाहीतर आवास-किहीमच्या एखाद्या बंगल्यावर शनिवार-रविवार काढायचा असतो. गेटवेहून सुटलेली लाँच तासाभरात इथे लागते. हिवाळ्यात मागे लागणाऱ्या कुरव पक्ष्यांना शेव-गाठिया उडवता उडवता तो तासही निघून जातो. 2020 च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली आणि मुंबईकरांच्या गाड्याही थेट मांडव्यात उतरू लागल्या. गावाचे नाव देशभर झाले ते 1990 च्या 'अग्निपथ'मुळे, म्हणजे तिथेही बंदुकाच. पण त्या सिनेमातल्या.

तरीही आफ्रिकेतली शिकार आणि बंदुकीच्या गोळीचे काम या विषयावर लिहायचे, तर मांडव्याहून सोयीची जागा सापडणे कठीण. लाँच जिथून सुटते त्या गेटवेपासून चार पावलांवर, शहीद भगतसिंग रस्त्यावर, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे 'हॉर्नबिल हाऊस' आहे. भारतातल्या शेवटच्या चित्त्यांवर झाडलेल्या गोळ्यांची नोंद याच संस्थेच्या जर्नलमध्ये आहे. लाँच जिथे लागते तिथून दहाएक किलोमीटरवर किहीम आहे, सलीम अलींचे किहीम. आणि अलिबाग मागे टाकून किनाऱ्याने मुरूडकडे निघाले की फणसाडचे जंगल लागते. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले त्या जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे ते राखीव शिकारीचे रान होते.

सलीम अलींपासून सुरुवात करावी हे बरे, कारण भारतातल्या पक्षिशास्त्राची सुरुवातच एका छर्ऱ्याने झाली म्हणायला हरकत नाही. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला हा मुलगा मुंबईत खेतवाडीला मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे वाढला. मामा पट्टीचे शिकारी. भाच्याच्या हाती एअरगन आली आणि चिमण्यांची धडगत राहिली नाही. 1908 च्या सुमारास त्याने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! मामांनी चौकशीसाठी त्याला सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, शिवाय पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे उघडून दाखवले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

तेवढेसे ठाऊक नसते ते हे, की त्या काळच्या पक्षी अभ्यासकाला दुर्बिणीइतकीच बंदूक लागत असे. पक्षी हातात आल्याशिवाय जात ठरत नसे. आणि हातात आलेला पक्षी शाबूत हवा. मोठ्या छर्ऱ्यांनी चाळणी झालेले कातडे संग्रहालयाच्या काय कामाचे? म्हणून छोट्या पक्ष्यांसाठी धुळीइतक्या बारीक छर्ऱ्यांची काडतुसे वापरत. पक्षी पडावा, पण पीस विस्कटू नये. समोर काय आहे आणि त्याचे पुढे काय करायचे आहे हे बघून काडतूस निवडायचे, हा शिकारीतला पहिला धडा अभ्यासकांनी शिकाऱ्यांहून अधिक काटेकोरपणे पाळला. नोकरी गेल्यावर 1930 मध्ये सलीम अली पत्नी तेहमिनासह किहीमच्या घरी येऊन राहिले आणि सुगरणीच्या घरट्यांवरचे आपले गाजलेले निरीक्षण त्यांनी इथेच केले. त्या कामाला मात्र बंदूक लागली नाही, बसून राहावे लागले.

आता खाडीपलीकडची नोंद. 1947 साली कोरिया संस्थानचे (आजच्या छत्तीसगढमधले) महाराजा रामानुज प्रतापसिंह देव रात्री मोटारीतून जात असताना दिव्यांच्या झोतात तीन चित्ते दिसले. तिघेही नर, बहुधा एकाच विणीचे भाऊ. महाराजांनी तिघांनाही मारले. ही हकीकत आणि छायाचित्र सोसायटीकडे आले, तेव्हा संपादकांना इतकी किळस आली की मजकूर केराच्या टोपलीत टाकावा असेच त्यांना प्रथम वाटले. छापला तो मारणाऱ्याचे कौतुक म्हणून नव्हे, त्याच्यावरचे आरोपपत्र म्हणून, असे त्यांनी खाली स्पष्ट लिहिले. देशातल्या चित्त्यांची खात्रीलायक अशी ही शेवटची नोंद. 1952 मध्ये चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

त्या हकिकतीत एक तपशील आहे. तीन चित्ते पडले, पण गोळ्या दोनच लागल्या. दुसरी गोळी एका चित्त्याच्या आरपार गेली आणि मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याला लागून तोही मेला. शिकारी मंडळी अशा बाराला नशीब म्हणतात. खरे पाहता ती गोळी जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आफ्रिकेच्या माळावर आजही प्रत्येक शिकारीत हाच प्रश्न असतो.

तिकडे 'प्लेन्स गेम' म्हणतात ते माळावरच्या आणि झुडपी रानातल्या चरणाऱ्या जनावरांना: इंपाला, स्प्रिंगबोक, कुडू, गेम्सबोक, वाइल्डबीस्ट, झेब्रा, एलँड आणि सुळेवाला रानडुक्कर वॉर्टहॉग. हत्ती, गेंडा, सिंह, बिबट्या, रानरेडा ही धोकादायक मंडळी वेगळी. प्लेन्स गेममध्ये शिकाऱ्याच्या जिवाला सहसा भीती नसते, म्हणून हौशी परदेशी पाहुणा पहिल्यांदा याच शिकारीला येतो. जनावरांच्या आकारात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. स्प्रिंगबोक आपल्या काळविटाएवढा, तीस-चाळीस किलोचा. इंपालाचा नर पन्नास-साठ किलोचा. कुडूचा नर सव्वादोनशे किलोच्या घरात. एलँडचा जुना नर नऊशे किलोपर्यंत जातो. सकाळी स्प्रिंगबोक आणि संध्याकाळी एलँड, दोघांसाठी हातात तीच एक रायफल आणि खिशात तीच गोळी. गोळीबद्दलचा सगळा वाद या एका अडचणीतून निघतो.

सफारीचा पहिला दिवस जनावराच्या मागे जातच नाही. कॅम्पवर पोहोचल्यावर आधी कागदी निशाणावर दोन-चार बार टाकून रायफल नीट लागते आहे ना, हे व्यावसायिक शिकारी बघून घेतो. यात पाहुण्याची रायफल तपासली जाते, तसा पाहुणाही तपासला जातो. दुसऱ्या दिवसापासून पुढे माग काढणारा, मग तो व्यावसायिक, मग पाहुणा अशी रांग. बार टाकायची वेळ आली की माग काढणारा तीन पायांची काठी रोवतो, तिच्यावर रायफल टेकायची. व्यावसायिक दुर्बिणीतून बघत हळू आवाजात सांगतो: डावीकडून दुसरा, अजून नाही, थांब. हे 'थांब' बहुतेक वेळा मागच्या जनावरासाठी असते. कळपातल्या कुडूच्या मागे कुडूची मादी उभी असेल आणि गोळी आरपार गेली, तर पाहुण्याला दोन जनावरांचे पैसे भरावे लागतात. एक परवान्यातले, एक परवान्याबाहेरचे.

कारण तिथला रिवाज सरळ आहे. रक्ताचा थेंब पडला की जनावर विकत घेतले गेले. ते सापडो की न सापडो, ठरलेले शुल्क भरायचे. जखमी जनावर झुडपात निसटले तर माग काढणारे त्याच्या मागे दिवसभर फिरतात, पण नाहीच मिळाले तर 'चुकून लागली' ही सबब चालत नाही. शिकारीविषयी मत काहीही असो, हा नियम गोळीची जबाबदारी थेट खिशाला बांधतो आणि माणूस खिशाच्या बाबतीत फार लवकर शहाणा होतो.

जनावर निसटते ते बहुधा गोळी लहान पडली म्हणून नव्हे, चुकीच्या जागी बसली म्हणून. आफ्रिकन हरणांचे हृदय छातीत बरेच खाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये असते. युरोप-अमेरिकेत हरणाच्या खांद्यामागे नेम धरायची सवय असलेला पाहुणा इथेही तसाच धरतो, आणि गोळी फुप्फुसांच्या मागच्या टोकाला किंवा पोटात जाते. असे जनावर मैलोन्‌मैल पळते. म्हणून व्यावसायिक सांगतात, पुढच्या पायाच्या रेषेने वर ये आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात लाव. गेम्सबोकच्या बाबतीत आणखी एक फसगत. त्याच्या खांद्यावरचा उंचवटा बघून नेम वर चढतो आणि गोळी मणक्याच्या वरच्या हाडाला चाटून जाते. जनावर धाडकन कोसळते. पाहुणा रायफल खाली ठेवून हात मिळवायला वळतो, तोवर गेम्सबोक उठून पसार.

संध्याकाळी कॅम्पच्या कातडे सोलण्याच्या शेडमध्ये दिवसाचा हिशेब लागतो. कातडे उतरवणारा गडी पलीकडच्या बाजूची कातडी सोलत आला की सुरी मध्येच अडते. कातडीखाली एक गाठ असते. बोटाने चाचपून तो ती बाहेर काढतो, पाण्याने धुतो आणि तळहातावर धरतो: गोळी. पुढचे टोक अळंबीच्या छत्रीसारखे उघडून मागे वळलेले, कडेला तांब्याच्या चार-पाच पाकळ्या, बुडाचा भाग जसाच्या तसा. शौकीन शिकारी ती वजनकाट्यावर ठेवतात आणि मूळ वजनाच्या किती टक्के उरली ते वहीत लिहितात. 180 ग्रेनची, म्हणजे जवळपास 11.7 ग्रॅमची, साधी शिसे भरलेली गोळी हाडाला लागून अर्ध्यावर आलेली असू शकते. अख्ख्या तांब्याची असेल तर जवळजवळ पूर्ण वजनाने परत मिळते.

हे उघडणे म्हणजेच गोळीचे काम. .30-06 ची 180 ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे 820 मीटर वेगाने नळीबाहेर पडते. न उघडता गेली तर ती पेन्सिलीएवढे भोक पाडून पलीकडून निघून जाते. जनावर मरते, पण तासाभराने, कुठल्यातरी जाळीत. फार लवकर उघडली तर खांद्याच्या हाडावरच फुटते आणि आत पोहोचतच नाही. त्यातून अंतराचा घोळ असतो. वीस मीटरवर गोळीचा वेग इतका असतो की मऊ गोळीच्या ठिकऱ्या उडतात. तीनशे मीटरवर तो इतका उतरतो की कडक गोळी उघडायचीच राहते. दाट झुडपात वॉर्टहॉग वीस मीटरवर भेटतो आणि उघड्या माळावर स्प्रिंगबोक तीनशेवर. दोन्हीकडे नीट चालेल अशी गोळी बनवणे हा गेल्या सव्वाशे वर्षांतला मोठा खटाटोप आहे, आणि त्याची सुरुवात भारतात झाली.

1895 च्या चित्रळ मोहिमेत ब्रिटिश शिपायांच्या हाती .303 ची नवी रायफल आणि पूर्ण धातूचे आवरण असलेली नवी गोळी होती. गोळी आरपार जाई आणि धावून येणारा माणूस धावतच राही, अशी सैन्याची तक्रार. कलकत्त्याजवळच्या दमदम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचे आवरण काढून आतले मऊ शिसे उघडे ठेवले. लागताच ती पसरू लागली. दमदमचे नाव जगभर झाले आणि लगेच बदनामही झाले: 1899 च्या हेग परिषदेने पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. गंमत अशी, की ब्रिटनमध्ये हरणाच्या शिकारीला कायद्याने मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी लागते. युद्धातली ती साधी आवरणाची गोळी हरणावर चालवली तर गुन्हा. माणसाला जखमी करून सोडावे आणि हरणाला जागीच मारावे, असे आपले कायदे सांगतात. दोन्ही नियमांमागची कारणे समजतात, पण शेजारी शेजारी ठेवून वाचले की अंगावर काटा येतो.

पुढची पायरी 1946 मधली. जॉन नॉस्लर नावाचा अमेरिकन शिकारी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या मागे गेला. चिखलाने लडबडलेल्या त्या धिप्पाड जनावराच्या खांद्यावर त्याच्या .300 मॅग्नम रायफलच्या गोळ्या फुटत राहिल्या आणि मूस काही पडेना. परत येऊन त्याने गोळीच्या आत तांब्याची आडवी भिंत घातली: पुढच्या कप्प्यातले शिसे पसरेल, मागच्या कप्प्यातले जागचे हलणार नाही. 1948 पासून तो ही 'पार्टिशन' गोळी विकू लागला. 1989 मध्ये बार्न्स कंपनीने शिसे पूर्ण काढून टाकून अख्ख्या तांब्याची 'एक्स' गोळी आणली. आज आफ्रिकेला जाणाऱ्या पाहुण्यांच्या वादाला तोंड याच दोन घराण्यांवरून फुटते. एक गट म्हणतो, गोळीने आतच थांबून सगळी ताकद जनावरात उतरवावी. दुसरा म्हणतो, दोन भोके पडली पाहिजेत, म्हणजे रक्ताचा माग मिळतो. एकटे उभे असलेले जनावर असेल तर दुसऱ्या गटाचे म्हणणे पटते. कळपात मात्र कोरियाचे चित्ते आठवावेत.

आकाराच्या भक्तांसाठी वॉल्टर बेल यांची गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि ती खरी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले बहुतेक 7 मिलिमीटरच्या .275 रिग्बी रायफलने. जिम कॉर्बेटकडेही याच जातीची रिग्बी होती. हत्तीसाठी इतर लोक खांदा निखळवणाऱ्या दुनळी वापरत असताना बेल यांनी मेलेल्या हत्तीच्या कवट्या करवतीने उभ्या चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहून ठेवले होते. न उघडणारी, लांब, कडक गोळी त्या जागी गेली की काम झाले. हजार हत्ती मारणे आज कुणी मिरवणार नाही. पण कवटी चिरून बघण्याचा तो अभ्यास मोठ्या बंदुका मिरवणाऱ्या किती जणांनी केला होता?

सगळ्यांनाच बेल होता येत नाही, म्हणून नामिबियाने आकडा ठरवून टाकला. तिथल्या नियमांनुसार स्प्रिंगबोक, इंपाला, वॉर्टहॉग यांसाठी गोळीची नळीतोंडावरची ऊर्जा किमान 1350 ज्यूल, कुडू, गेम्सबोक, वाइल्डबीस्ट, एलँड यांसाठी 2700 ज्यूल आणि रानरेडा, हत्ती यांच्यासाठी 5400 ज्यूल हवी. वर सांगितलेली .30-06 ची गोळी चार हजार ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे कुडूला भरपूर आणि रानरेड्याला नियमबाह्य. याच नामिबियाने 1996 च्या कायद्याने गावांना आपापल्या परिसरातल्या वन्यजीवांवर हक्क दिला. आज तिथे ऐंशीहून अधिक सामुदायिक संरक्षित क्षेत्रे आहेत आणि पाहुण्या शिकाऱ्यांच्या शुल्कातला वाटा आणि जनावराचे मांस गावाला मिळते. सप्टेंबर 2022 मध्ये कुनोत सोडलेले पहिले आठ चित्ते याच देशातून आले. आफ्रिकेतल्या इतर काही देशांची वाट निराळी: केनियाने 1977 पासून शिकार बंद ठेवली आहे आणि बोत्स्वानाने 2014 मध्ये बंद केलेली शिकार 2019 मध्ये पुन्हा सुरू केली. 2015 मध्ये झिम्बाब्वेत 'सेसिल' सिंह बाणाने जखमी झाला आणि कित्येक तासांनी मारला गेला, तेव्हा जगभर उसळलेल्या संतापामागे त्या मधल्या तासांचाही मोठा वाटा होता.

चित्त्यांचा आफ्रिकेतून भारतात येण्याचा प्रवास काही नवा नाही. इथले चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर दरबार काळविटांवर सोडायला आफ्रिकेतून चित्ते मागवत असे आणि ते सांभाळणारे चित्तेवान हा कोल्हापुरातला एक मानाचा पेशा होता. त्या शिकारीत गोळीचा प्रश्नच नव्हता. गेला तो काळवीट, आणि नाही साधला तर सुखरूप. अर्धमेले काही राहत नसे.

आफ्रिकेतून रायगडच्या किनाऱ्यावर आलेले आणखी एक घराणे म्हणजे जंजिऱ्याचे सिद्दी. मराठ्यांना शेवटपर्यंत न मिळालेला किल्ला आणि 1948 पर्यंत टिकलेले संस्थान त्यांचे. मुरूडच्या उत्तरेचा डोंगराळ पट्टा नवाबांनी शिकारीसाठी राखला आणि 1986 मध्ये त्याचेच फणसाड अभयारण्य झाले, मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले. दाट सदाहरित झाडी, मधूनच उघडे माळ आणि स्थानिक लोक ज्यांना 'गाण' म्हणतात ते पाणवठे. शेकरू, सांबर, भेकर, पिसोरी, बिबट्या. राधानगरी-दाजीपूरचे रानही असेच, कोल्हापूरच्या छत्रपतींचे गव्यांच्या शिकारीचे. दोन्हीकडे राजांनी आपल्या बंदुकीसाठी राखले म्हणूनच जंगल उरले, ही गोष्ट कबूल करायला काहींना जड जाते. पण मांडव्यापासून मुरूडपर्यंतच्या डोंगरउतारांवर आज जे प्लॉट पडलेले दिसतात, ते पाहिले की कबूल करावीच लागते.

फणसाडात गिधाडेही होती, आणि रायगडच्या दक्षिणेकडे म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला त्यांना वाचवण्याचे प्रयत्न गेली कित्येक वर्षे चालू आहेत. आपल्याकडे गिधाडे मेली ती गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने. जनावरांसाठीचे ते औषध 2006 मध्ये बंद झाले. आफ्रिकेत मात्र संशयाची सुई गोळीकडेही वळते. शिशाची गोळी फुटते तेव्हा तिचे कण जनावराच्या मांसात दूरवर पसरतात. आतडी रानात टाकली की गिधाडे ती खातात. बोत्स्वानात पाचशेहून अधिक गिधाडांचे रक्त तपासले, तेव्हा जवळपास 30 टक्क्यांत शिशाचे प्रमाण वाढलेले निघाले, आणि शिकारीच्या हंगामात ते आणखी चढलेले होते. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडे याच कारणाने मरू लागली म्हणून 2019 च्या जुलैपासून तिथे शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. जनावर पडले म्हणून गोळीचे काम संपले असे नाही, हे शिकाऱ्यांना शंभर वर्षांनी कळले.

भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली. निदान कागदावर. कोकणात अजून शेती संरक्षणाच्या परवान्यांवर बंदुका आहेत, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गात, आणि निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करण्यावरून दर वेळी तंटा होतो. शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. रात्रीत डुकरांचा कळप येतो आणि कापणीला आलेले भाताचे खाचर नांगरल्यासारखे करून जातो. त्याच्या हाती असते ठासणीची, नाहीतर बारा बोअरची एकनळी. एल.जी.च्या काडतुसात सहाच मोठे छर्रे. पंचवीस-तीस मीटरपर्यंत ते जवळ राहतात, पुढे फाकतात. अंधारात, बॅटरीच्या उजेडात, पन्नास मीटरवरच्या डुकराला त्यातला एखादाच लागतो, तोही पोटात नाहीतर मांडीत. डुक्कर ओरडत जाळीत शिरते. सकाळी माग काढायला कोण जाणार? सुळेवाल्या जखमी डुकराच्या जाळीत शिरण्यात शहाणपण नाही हे गावात सगळ्यांना माहीत असते. त्याहून वाईट म्हणजे गावठी बॉम्ब. खाण्यात दडवलेली ती स्फोटके डुकराचा जबडा उडवतात आणि कधी गावातल्या गाई-कुत्र्यांचाही. गोळीच्या चांगल्या-वाईटाची चर्चा तिथे संपतेच.

2015 मध्ये राज्य सरकारने पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना आणि नीलगायींना मारण्याच्या परवानगीची वाट सोपी केली. पुढच्याच वर्षी चंद्रपुरात रानडुकरे मारली गेली, तेव्हा केंद्रातल्याच दोन मंत्र्यांची जाहीर खडाजंगी झाली. मारावे की मारू नये, यावर देशभर चर्चा झाली. कशाने मारावे, हा प्रश्न कुणी काढला नाही.

तो निघाला 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री, यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळच्या बोराटीत. 'टी-1' किंवा 'अवनी' वाघिणीवर तेरा माणसांचे बळी घेतल्याचा ठपका होता. खासगी नेमबाजाच्या एका गोळीने ती मेली. बेशुद्धीचा डार्ट मारल्यावर ती अंगावर चालून आली आणि स्वसंरक्षणासाठी गोळी झाडावी लागली, असे सांगण्यात आले. शवविच्छेदनात मात्र गोळी समोरून नव्हे, डाव्या अंगाने खांद्याजवळून छातीत शिरल्याचे दिसले. म्हणजे गोळी लागली तेव्हा वाघीण बाजूने उभी होती. डार्टच्या खुणांवरूनही शंका निघाल्या आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पथकाने त्या कारवाईवर कडक ताशेरे ओढले. चार माणसांनी चार प्रकारे सांगितलेल्या त्या रात्रीत गोळीची वाट हीच एक साक्ष बदलणारी नव्हती. पशुवैद्यकांनी ती काळजीपूर्वक वाचली म्हणून निदान प्रश्न तरी विचारता आले.

शिकारीला परवानगी असावी का, यावर या लेखाच्या वाचकांत एकमत होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण शेतीसाठी असो की माणसांच्या सुरक्षिततेसाठी, जिथे सरकार स्वतः जनावर मारायचा कागद देते, तिथे तीन गोष्टी त्याच कागदावर लिहून घेतल्या जाव्यात: कोणती बंदूक आणि कोणते काडतूस वापरणार, किती अंतरापलीकडे बार टाकायचा नाही, आणि जखमी जनावराचा माग कोणी, कधीपर्यंत काढायचा. मेलेल्या प्रत्येक जनावरात गोळी कुठून शिरली आणि कुठे थांबली याची नोंद वनखात्याच्या वहीत व्हावी, मग ती वाघीण असो की डुक्कर. या एका बाबतीत नामिबियाचे नियम वनखात्याने मागवून वाचायला हरकत नाही. चित्ते आणताना आपण त्या देशाशी बोलणी केलेलीच आहेत.